आणखी कमी

वाद्यवृंदाचं कपाट माझ्या ताब्यात आहे.
एकशे बारा खोके, चिकटपट्टीनं जगवलेले कागद,
किल्ली माझ्या गळ्यात, चश्म्याच्या दोरीला.
मी स्वतः काहीच वाजवत नाही.
ब्रेस्तमध्ये समुद्र सांभाळणारे पुष्कळ आहेत,
मी त्यातला लिहून ठेवलेला भाग सांभाळते.

सप्टेंबरात नव्या संचालिका आल्या, ओदिल केर्वेला.
बुटक्या, कायम सर्दी झालेल्या, हातात काडीसुद्धा नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सगळं खोडा.
पेन्सिलीचं जे जे आहे ते.
शंभर वर्षं धुकं वाजवतोय आपण,
आणि लिहिणाऱ्यानं तर
थेंब लिहिलेत. मोजून.

तीन रात्री खोडरबर घेऊन बसले.
श्वास इथे.
श्वास इथे नको!
वर बघ, खाली दोन रेघा, दुसरीनं कागद फाटलेला.
बटाटे, घासलेट, मुलीचे बूट.
व्हायोलिनच्या एका पानावर होडी,
शिडाची, नखाएवढी.
तीही खोडली. सगळं म्हणजे सगळं.

चेलोंच्या पाचही पानांवर एकाच जागी:
हार्प उशिरा येते, थांब.
हार्प आता सेगोलेन वाजवते.
ती घड्याळ लावून जेवणारी बाई.
उशीर करणारी कुणी वेगळीच, केव्हाच मातीत गेलेली,
आणि चेलो अजून तिच्यासाठी
दाराशी उभे होते.

दुसऱ्या बसूनच्या पानावर तीन पिढ्यांची अक्षरं:
कमी.
आणखी कमी.
म्हटलं ना, कमी!

तालमीला सगळे त्या कागदांकडे बघत होते
चुना काढलेल्या भिंतीकडे बघावं तसे.
कुठे टेकायचं कळेना.
चेलो वेळेवर आले आणि हार्पवर आदळले.
ओदिलबाई शिंकल्या, म्हणाल्या, छान, पुन्हा.
व्हायोलिनवाल्यांना म्हणाल्या,
पाणी दुसरं कुणीतरी वाजवतंय,
तुम्ही त्यावरची तिरीप.
प्रत्येकाची वेगळी. शेजाऱ्याकडे बघू नका.
तांगीला त्याच्या आत्याचं जुनं बसून आणायला लावलं,
इथल्याच घडणीचं, किंचित नाकात बोलणारं,
जिन्यात भेटलेल्या शेजारणीसारखं.
मग ती जागा आली.
बसून, कमी.
तांगीनं पुन्हा वाजवलं.
आणखी कमी.
तांगीनं कानावरची पेन्सिल काढली
आणि लिहिलं.

संध्याकाळी कागद गोळा करताना
तांगीचं पान दिव्याखाली तिरपं धरलं.
रबरानं शिसं जातं, दाब जात नाही.
त्याचा 'क' थेट जुन्या 'क'च्या चाकोरीत उतरला होता,
'मी' मात्र जरा बाहेर घसरलेली.
ओदिलबाईंना दाखवावं असं वाटलं.
नाही दाखवलं.

कार्यक्रमाच्या रात्री पडद्याआड होते,
पेपरमिंट चघळत, शाली सांभाळत.
बसून इतकं खाली गेलं
की त्याच्या पायाशी बसलेली क्लॅरिनेट ऐकू आली.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
छापलेली होतीच ती तिथे.
सगळं लख्ख होतं, खडा न खडा,
आणि तरी तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं
डोळे पुसले, काच पुसावी तसे.

मग सेगोलेनची तार
बोटाखालून सटकली.
अर्धी मात्रा. जेमतेम.
कागदावर काहीही नव्हतं, मीच साफ केला होता तो,
ओदिलबाईंचा हात खाली यायला लागलेला,
आणि पाचही चेलो
थांबले.